चपलांच्या कपाटाला नमस्कार

अरे ऐक ना, फार फार वर्षांपूर्वीची वगैरे नाही, परवाचीच गोष्ट! आमच्या शेजारच्या तन्वीने दारातल्या चिंचोळ्या जागेत चपलांचं नवं कपाट बसवलं. सागवानी, जाळीची दारं, आत पिवळा दिवा. डिझायनरची आयडिया!

कपाट आल्या आल्याच फुगलं. खालच्या पायपुसण्याला म्हणालं, "ए फडक्या, तिकडे सरक! तुझ्यामुळे माझ्या लुकची वाट लागते. लवकरच कचऱ्यात जाशील बघ."

पायपुसणं बिचारं घाबरून अंग चोरायला लागलं. एवढीशी जागा, सरकणार कुठे?

तेवढ्यात तन्वीच्या शालनमावशी आल्या. जाळी दिसली, दिवा दिसला, त्यांना वाटलं देव्हाराच. त्यांनी चपला बाहेरच काढल्या, पायपुसण्यावर पाय पुसले आणि कपाटासमोर हात जोडून चक्क डोळे मिटले!

"अरे, सांग ना त्यांना, तू चपलांचं आहेस म्हणून," पायपुसणं कुजबुजलं.

"गप रे! पहिल्यांदाच कुणीतरी मला ओळखलंय."

मावशींनी पिशवीतून जास्वंदीचं फूल काढलं, देवाला वाहायला दार उघडलं, आणि तन्वीच्या नवऱ्याचा कुबट बूट धप्पकन त्यांच्या पायावर!

"अगं तन्वे, देव्हाऱ्यात बूट?"

"अगं मावशी, ते चपलांचंच कपाट आहे!"

मावशी अशा भडकल्या की संध्याकाळी कपाट बाहेर जिन्यात. आता येणारा-जाणारा त्याच्यावर पाय ठेवून नाडी बांधतो. पायपुसणं मात्र आहे तिथेच आहे.

खरं सांग, तू कपाटाच्या जागी असतास, तर वेळेवर बोलला असतास, की तूही गुपचूप नमस्कार घेतला असतास?