पाळण्याच्या पट्ट्या

“दोन्हीकडं माप बरोबर आहे, मग पट्टी एका टोकाला निमुळती का निघते?”

श्रीरंगनं विचारलं खरं, पण विचारण्यापेक्षा भांडणच जास्त. आजऱ्यात त्याचा स्वतःचा कारखाना, त्यात सरकत्या टेबलाचं नवंकोरं कटिंग मशीन. पटाशी धरायला तो शिकला तातोबा सुतारांच्या हाताखाली. पुढं त्यांच्याकडं फिरकला नाही. आज अडलं, तेव्हा म्हाताऱ्याला गाडीत घालून घेऊन आला.

तातोबांनी एक पट्टी उचलली. सागवानी, पाळण्याच्या कठड्याची.

“कुणासाठी रे?”

“कालिंदीसाठी. दिवस भरत आलेत म्हणे.”

“म्हणे?”

“लोकांकडून कळतं. बेळगावात असते. स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून बोलणं नाही.”

“पहिलं बाळंतपण माहेरी. न्यायला कोण गेलं?”

“न्यायला कशाला? वाट माहीत आहे तिला. दार काय मी लावून घेतलंय?”

तोंडानं असं, पण लेकीच्या आठवणीनं त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. गाडी वाजली की हातातलं काम टाकून तो फाटकाकडं बघायचा. आणि तोरा? तो काही उतरायला तयार नाही. असतात बाबा अशी माणसं!

तातोबा मशीनकडं वळले. लांबलचक टेबल, त्याच्या अलीकडच्या टोकाला एक ठोकळा, पलीकडच्या टोकाला दुसरा. फळी दोन्ही ठोकळ्यांना टेकवायची आणि टेबल ब्लेडजवळून सरकवायचं. ठोकळे टेबलाच्या कडेपासून सारख्या अंतरावर असले, तरच पट्टी सरळ.

“मोजलंस कशानं?”

“दोन्हीकडं आकडे कोरलेत. अलीकडचा अलीकडच्या आकड्यावर, पलीकडचा पलीकडच्या.”

“म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर.”

“अगदी बरोबर!”

“आणि पट्टी वाकडी.”



म्हाताऱ्यानं तुकड्यांच्या ढिगातून एक काठी काढली, पट्टीच्या रुंदीएवढी बेतून कापली. टेबलाची कड आणि अलीकडचा ठोकळा यांच्यामध्ये बसवून बघितली. ठोकळा तिला भिडवला, चावी आवळली. मग काठी श्रीरंगच्या हातात दिली.

“आता पलीकडचा. आकडे सोड, याच काठीनं.”

श्रीरंग होता तिथंच उभा राहिला. काठी हातात, एक डोळा मिटलेला. “इथून दिसतोय की मला. जरासा आत हवा.” टेबलावर ओणवा होऊन त्यानं हात लांबवला. हात काही पुरेना.

“आणखी जरा…” तो पुटपुटला.

तातोबांनी त्याचं मनगट धरलं.

बाहेर रस्त्यावर एक गाडी थांबली, आणि श्रीरंगची मान आपसूक फाटकाकडं वळली. कुणी उतरलं नाही. गाडी निघून गेली.

त्याचे डोळे भरून आले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“तातोबा… येईल का हो ती?”

म्हाताऱ्यानं त्याचं मनगट सोडलं.

“पलीकडचा ठोकळा इकडं येत नसतो, श्रीरंगा. काठी घेऊन आपणच तिकडं जायचं असतं.”