निर्दोष गाणी

फार जुन्या काळी, जेव्हा पाखरांना माणसांची भाषा येत होती आणि माणसांना ती ऐकण्याइतकी सवड होती, तेव्हा डोंगराच्या कुशीत एक राज्य होते. तेथील मुली घाटापलीकडच्या गावांत दिल्या जात. घाट मोठा अवघड. एकदा सासरी गेलेली मुलगी वर्षानुवर्षे माहेरचा उंबरा पाहू शकत नसे.

म्हणून त्या राज्यात एक रीत होती. पाठवणीच्या वेळी मुलीबरोबर माहेरी वाढवलेली एक साळुंकी दिली जाई. मुलीने आपले सुखदुःख गाण्यात गुंफावे, ते साळुंकीला शिकवावे, आणि चैत्र लागला की साळुंकीने घाट ओलांडून माहेरच्या पिंपळाखाली ते म्हणून दाखवावे, असा प्रघात होता. सासरची माणसे सुनेची पेटी उघडून पाहू शकत. पाखराचा गळा कोण उघडून पाहणार? गाण्यात सुख असले तर माहेरची माणसे गूळ वाटत. दुःख असले तर ती बैल जुंपत, आणि दिवस वर येण्याआधी गाडी घाटाला लागे. कित्येक लेकी त्या गाड्यांतून जिवंत परत आल्या होत्या.

त्या राज्यात एक आचार्या राहत असे. राजाच्या काव्यशाळेची ती प्रमुख होती. वृत्तात एक मात्रा कमी पडली तर तिला जेवणात खडा लागल्यासारखे होई. काव्य म्हणजे देवघरातले तबक, त्यात शिळेपाके ठेवू नये, असे ती शिष्यांना बजावी. पती लवकर निवर्तल्यामुळे एकुलत्या एका लेकीला तिने एकटीने वाढवले होते. लेक तिची सर्वांत गुणी शिष्या होती. तिच्या गाण्याइतके सुरेख गाणे पिंपळाखाली आजवर कोणी ऐकले नसेल, असे आचार्येने तिच्या पाठवणीच्या दिवशीच सर्वांना सांगून ठेवले होते.

पहिला चैत्र आला. पारावर बायका जमल्या. राणीच्या दासीही मुद्दाम आल्या. साळुंकी फांदीवर बसली, तिने पंख झटकले आणि गाणे म्हटले:

साऱ्यांची उठली पंगत, मला उरली रिती वाटी;
वाटीत दिसते मला आई, तुझ्या अंगणाची माती.
परसात लावले आहे मी डाळिंबाचे एक रोप;
त्याला येईल पहिले फूल, तेव्हा लागेल मला झोप.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेजारची कुंभारीण, जिने त्या लेकीला कडेवर खेळवले होते, तिने आपले बैल देऊ केले आणि गाडी लगेच काढायला सांगितले.

पण आचार्येचे कान लालबुंद झाले होते. आपली लेक उपाशी आहे हे तिला ऐकू आले नाही. यमकात वाटीला माती नीट जुळली नाही, एवढेच तिला ऐकू आले. त्यातही भूक, रिती वाटी, असले विषय! राणीच्या दासी आता वाड्यावर काय सांगतील, या विचाराने ती अस्वस्थ झाली. तिने कुंभारणीला तुटकपणे सांगितले, की नव्या सुनेला पहिले वर्ष सगळीकडेच जड जाते आणि कच्च्या गाण्यासाठी कोणी घाट चढत नाही.

मग ती साळुंकीकडे वळली आणि म्हणाली, "तिला सांग, रडगाणे म्हणजे काव्य नव्हे. पुढल्या वर्षी मला निर्दोष गाणे हवे."

साळुंकी मूळची फटकळ. ती म्हणाली, "बाई, लेकीचे गाणे माहेरी आणणे हे माझे काम. माहेरचा जाच सासरी नेणे हे नव्हे. त्यासाठी तिथे सासू आहे."

आचार्येने तिला हुसकावले. तरी निरोप पोचला. पाखरे ऐकलेले विसरत नाहीत, निदान लगेच तरी नाही.

दुसऱ्या चैत्रात साळुंकीने जे गाणे आणले, त्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. त्यात चांदणे होते, सासूची माया होती, भरल्या घराचा दरवळ होता. यमके अशी जुळली होती, की जणू मोगऱ्याच्या कळ्या मोजून ओवल्या आहेत. आचार्येचा ऊर भरून आला. तिने स्वतः ते गाणे दरबारात म्हटले आणि राजाने तिला शाल पांघरली. कुंभारणीने मात्र परत जाताना विचारले, की डाळिंबाचे पुढे काय झाले. आचार्येने उत्तर दिले, की त्या वृत्तात डाळिंब बसत नव्हते.

त्यानंतर दर चैत्रात एक निर्दोष गाणे येत राहिले. काव्यशाळेत ती गाणी पाठ करून घेतली जाऊ लागली. राज्यभर लोक म्हणू लागले, की सून म्हणून जावे तर त्याच गावात. आणि खरोखरच, त्या गाण्यांवर विश्वास ठेवून कित्येक आयांनी आपल्या मुली त्या गावात दिल्या.

मग बऱ्याच वर्षांनी एका चैत्रात साळुंकी आली आणि गप्प बसून राहिली. आचार्येने गाणे मागितले, तेव्हा ती म्हणाली, "यंदा तिने काहीच शिकवले नाही. म्हणाली, जुन्यांतलेच एखादे म्हण. आईला आवडतात."

आचार्येने त्याच दिवशी कुंभारणीचे बैल मागून घेतले आणि उतारवयात पहिल्यांदाच ती घाट चढली.

सासूने दारातच स्वागत केले. ती हसतमुखाने म्हणाली, "या विहीणबाई. तुमच्या लेकीने आमच्या घराचे आणि गावाचे नाव केले हो. सुना आता मागाव्या लागत नाहीत, चालत येतात. त्यांच्या माहेरच्या गाड्या येत होत्या पूर्वी, त्याही बंद झाल्या. तुमची लेक एवढी सुखात गाते म्हटल्यावर इतरांच्या कुरकुरीवर कोण विश्वास ठेवणार?"

मागल्या अंगणात लेक धान्य पाखडत बसली होती. तिचे केस पांढरे झाले होते आणि हाताला भाजल्याचे जुने डाग होते. आईला पाहून ती उठली, वाकून पाया पडली आणि हसली.

आचार्येने तिला जवळ घेतले. काय काय सोसलेस ते सांग, असे ती पुन्हा पुन्हा विनवू लागली.

लेक म्हणाली, "सगळे छान आहे, आई."

"माझ्यापाशी तरी खरे बोल, पोरी."

लेक बराच वेळ ओठ हलवत राहिली, जणू हरवलेला शब्द शोधत होती. शेवटी शांतपणे म्हणाली, "तू शिकवलेस तेवढे येते मला. दुसरे येत होते ते आता येत नाही."

आचार्येने लेकीला त्याच गाडीतून माहेरी आणले. तिला दुधाभातावर ठेवले. तिचे अंग भरले, डाग फिके झाले. पण तिच्या तोंडून रडणे आले नाही आणि गाणेही आले नाही. कोणी विचारले तर ती अगदी शुद्ध भाषेत सगळे छान असल्याचे सांगे.

एके दिवशी आचार्येने साळुंकीला हात जोडून विचारले, की एवढ्या वर्षांत लेक एकटी असताना काही गुणगुणत होती का.

साळुंकी म्हणाली, "गात होती ना. नदीवर गात होती, जात्यावर गात होती. त्यांत रडणे होते, आणि उद्या काय काय करीन तेही होते. तुझ्या निर्दोष गाण्यांत जसे रडणे नव्हते, तसा उद्याही नव्हता, बाई. तुझ्या ध्यानात आले नाही."

"त्यांतले एक म्हण. कसलेही असू दे. तुटके असू दे."

साळुंकीने मान वाकडी करून आठवून पाहिले. मग म्हणाली, "जे कोणी पुन्हा म्हणवून घेत नाही, ते पाखराच्या गळ्यात राहत नाही. ती गेली."

पुढे आचार्येने काव्यशाळा सोडली. चैत्रात ती पिंपळाखाली येऊन बसे आणि कुणाच्याही लेकीचे वेडेवाकडे गाणे आले, की गाडी जुंपायला सर्वांत आधी उठे. अनेकींच्या लेकी तिच्यामुळे परत आल्या. तिची स्वतःची लेक रोज तिच्यासमोर बसत असे, आणि ती मात्र परत आली नाही.

तात्पर्य: दुःखाचे गाणे सुधारण्यासाठी नसते, ते ऐकून उठण्यासाठी असते.