म्हाकूआज्जीचा हात

आंबळखोऱ्याच्या डोंगरात लांडगे होते आणि गावाला अजून रस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ती सांगताना आमच्या गावची माणसं खाली बघतात. मीही बघेन, तेवढं सांभाळून घ्या.

तेव्हा डोंगरावर धनगरांच्या वाड्यात म्हाकूआज्जी राहायची. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण हात असा की मोडलेलं हाड तिच्या बोटांना आपणहून सापडायचं. आधी ती मेंढरांची हाडं बसवायची, मग माणसांची. तिनं बोट ठेवलं की कळवळणारा माणूस रडायचा थांबे, असं म्हणतात. लंगडा कोल्हासुद्धा तिच्या दारात येऊन पाय पुढे करून बसला होता, असंही म्हणतात. कोल्ह्याचं मला ठाऊक नाही. माणसांचं मात्र खरं आहे.

गावात भैरू बागल नावाचा मल्ल होता. पल्याडच्या गावानं सलग तीन वर्षं सिदोबाच्या जत्रेतला मानाचा फेटा नेला होता आणि या वर्षी तो भैरूच परत आणणार, असं जो तो बोलत होता. जत्रेला पन्नास दिवस उरले असताना तालमीत सराव करताना भैरू खांद्यावर आपटला. गळ्याखालून खांद्याकडे जातं ते हासळीचं हाड काडकन मोडलं.

म्हाकूआज्जीनं हाड जुळवलं, जुन्या पागोट्याच्या पट्ट्यांनी दोन्ही खांदे मागे ओढून बांधले आणि सांगितलं, "दीड म्हैना बांधून ऱ्हायचं. म्होरं दीड म्हैना नुसता हात फिरवायचा. मग माती."

"पण आज्जी, जत्रा?"

"जत्रा दर वर्साला येती, बाळा."

पण गावाला धीर नव्हता. पंचेचाळिसाव्या दिवशी पट्ट्या सुटल्या. आज्जीनं हाड चाचपलं. जिथं जुळलं होतं तिथं सुपारीएवढी गाठ आली होती. ती म्हणाली, "गाठ कवळी हाय अजून. औंदा न्हाई."

आता आमच्या गावची एक रीत होती. हाड मोडलेल्या मल्लानं पुन्हा मातीत उतरायचं, तर हाड बसवणाऱ्यानं देवळाच्या पायरीवर सगळ्यांदेखत त्याला हात लावून "उतर" म्हणायचं. त्याशिवाय पुजारी त्याच्या कपाळाला भंडारा लावत नसे. दुसरी रीत अशी की जत्रेआधी पाच दिवस मल्लानं मौन धरायचं. या दोन रीतींची सांगड सखोजी पाटलानं घातली. हा सखोजी पाटील माझ्या पणजोबांचा आजा. हे लपवण्यात अर्थ नाही.

भैरूला येसबा नावाचा धाकटा भाऊ होता, अंगापिंडानं अगदी त्याच्यासारखा. जत्रेच्या सकाळी पाटलानं आज्जीला डोंगरावरून आणवलं, पायरीवर बसवलं आणि तिच्यापुढे येसबाला बसवलं. म्हणाला, "आज्जी, भैरू आलाय. मौन हाय त्याला. एकडाव बघ."

आज्जीनं त्याच्या गळ्याखाली हात ठेवला. बोटं इकडून तिकडे गेली, परत आली. "हितली गाठ कुठं गेली रं?"

"तुझ्याच हाताचा गुन," पाटील म्हणाला.

सगळं गाव भोवती उभं होतं. बाया होत्या, म्हातारेकोतारे होते, पुजारी होता. प्रत्येकाला दिसत होतं की समोर येसबा बसलाय. कुणी चकार शब्द काढला नाही. भैरू स्वतः देवळामागे उभा होता, त्यालाही उतरायचंच होतं.

आज्जीनं बोटं आणखी एकदा फिरवली. मग गावाच्या शब्दावर विश्वास ठेवून म्हणाली, "उतर."

तिसऱ्याच पकडीत भैरूचं हाड पुन्हा मोडलं. तो आवाज तीन डोंगर ओलांडून गेला आणि चरणारी मेंढरं जागच्या जागी बसली, असं म्हणतात. पायरीवर बसलेल्या आज्जीला कुणी सांगावं लागलं नाही. "ह्ये कसं झालं?" एवढंच तिनं विचारलं.

तेव्हा तरी कुणी खरं बोलायला हवं होतं. पण पाटील म्हणाला, "वय झालं आज्जी तुझं. हाताला कळलं न्हाई." आणि गावानं माना हलवल्या.

आज्जी डोंगरावर गेली आणि तिनं पुन्हा कुणाला हात लावला नाही. भैरूचा हात खांद्याच्या वर जाईना. त्यानंतर बारा वर्षं आंबळखोऱ्यात मोडलेलं एकही हाड सरळ बसलं नाही, असं म्हणतात. बैल लंगडले, पोरं वाकडी चालू लागली, तालमीची माती दगडासारखी झाली. लोक नवस बोलत होते, देवाला कौल लावत होते. सगळ्यांना कारण ठाऊक होतं आणि कुणी डोंगर चढत नव्हतं.

शेवटी येसबा चढला. आज्जी दारात बसली होती. त्यानं तिचा हात धरून आपल्या गळ्याखाली ठेवला. तिची बोटं इकडून तिकडे गेली, परत आली.

"पायरीवर तू हुतास," ती म्हणाली.

"व्हय."

"बारा वर्सं मी माझ्याच हाताला शिव्या दिल्या रं." मग तिनं विचारलं, "समद्यास्नी ठावं हुतं?"

येसबानं नुसती मान हलवली.

"समद्यास्नी?"

"समद्यास्नी, आज्जी."

ती खूप रडली. मग काठी घेतली आणि येसबाचा खांदा धरून खाली उतरली, ती थेट भैरूच्या घरी. वाकडं जुळलेलं हाड तिनं एका दाबात मोडलं आणि पुन्हा बांधलं. तिथंच राहिली, तीन महिने. या खेपेला कधी उतरायचं, हे कुणी विचारलं नाही. पुढच्या जत्रेत चाळिशीला आलेला भैरू मातीत उतरला, दोन्ही हात डोक्यावर नेऊन शड्डू ठोकला आणि पल्याडच्या तरण्याताठ्या मल्लाशी दिवस कलेपर्यंत झुंजला. कुणी म्हणतं तो जिंकला, कुणी म्हणतं बरोबरीत सुटली. कुस्ती संपली तेव्हा पायरीवरची आज्जीची जागा रिकामी होती. ती डोंगरात गेली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही, असं म्हणतात. तिची माफी मागायची राहूनच गेली.

म्हणून आजही सिदोबाच्या जत्रेत पहिल्या कुस्तीआधी धनगरवाड्यातली एक म्हातारी देवळाच्या पायरीवर येऊन बसते. सगळं गाव उभं राहतं. पाटलाच्या घरातला कर्ता पुरुष पागोटं काढून तिच्यापुढे जातो आणि मोठ्यानं म्हणतो, "आम्हाला समद्यास्नी ठावं हुतं." गेली अकरा वर्षं हे मी म्हणतोय. दर वर्षी आवाज अडतो, आणि दर वर्षी मागून कुणीतरी म्हणतं, "मोठ्यानं."

म्हातारी काही उत्तर देत नाही. तिनं द्यायचं नाही, असंच ठरलेलं आहे. ती पहिल्या मल्लाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून सांगायला लावते, त्याच्या गळ्याखाली हात ठेवते, आणि तिला हवा तेवढा वेळ आम्ही थांबतो.