लिंबाजीनं सायलेन्सर बसवला

एका गावात एक भोळा पिकअपवाला होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता, तो पोरांसमोर काढत नाही. नाव त्याचं लिंबाजी.

लिंबाजी वाईट नव्हता हो. उलट फार ऐकायचा. कुणी काही सांगितलं की मान डोलवायची, "बरं झालं सांगितलंत, आता लक्षात ठेवतो" म्हणायचं, आणि खरोखर लक्षात ठेवायचं. विसरला असता तर बिचाऱ्या गोदाचं एवढं नुकसान झालं नसतं.

गोदा म्हणजे त्याची बायको. खमकी बाई. दोन दुभत्या म्हशी विकून तिनं ही पिकअप घेतली होती. जुनीच, पण धडधाकट. मग वर्षभर डेअरीच्या उंबऱ्याला चपला झिजवून तिनं काम मिळवलं. पाच वाड्यांचं दूध रोज सकाळी डेअरीत पोचवायचं. चेअरमन यशवंततात्यांची अट एकच. सोमवारी गाडीचं पासिंग आहे, सोमवारीच गाडी पास झाली पाहिजे. झाली तर काम तुमचं. नाही झाली तर दुसरा टेम्पोवाला तयारच आहे.

गुरुवारी गोदाचा भाऊ जालिंदर आला. त्याच्या गाडीला मागं दोन जाड, चकचकीत नळ्या. गाडी गल्लीत शिरली तेव्हा म्हातारी माणसं दचकून उठली आणि कोंबड्या कौलांवर गेल्या. लिंबाजी मात्र तिथंच पाघळला.

"जालिंदर, ह्या सायलेन्सरनं गाडी जास्त पळते का रे?"

"नाही दाजी."

"डिझेल कमी खाते?"

"उलट जास्तच खाते."

"मग फायदा काय?"

"लूक, दाजी! स्पोर्टी लूक!"

आता हे ऐकून शहाणा माणूस हसला असता. लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

शुक्रवारी सकाळी गोदा म्हणाली, "सोमवारच्या आधी गाडी बाबालाल मिस्त्रींना दाखवून आणा. जरा नीटनेटकी करा. आणि मिस्त्री सांगतील ते ऐका, आपलं डोकं चालवू नका."

"चालवत नाही," लिंबाजी म्हणाला. हा शब्द त्यानं शेवटपर्यंत पाळला.

गॅरेजला गेल्या गेल्या त्यानं फर्मान सोडलं, "मिस्त्री, जुना सायलेन्सर काढा आणि दोन नळ्यांचा बसवा. स्पोर्टी."

बाबालाल मिस्त्रींनी पिकअपकडं बघितलं. हौद्यात शेणखताचे डाग, मागच्या फळीवर 'आईचा आशीर्वाद'. म्हणाले, "लिंबाजी, म्हशीला घुंगरू बांधून ती नाचत नाही बाबा." पण गिऱ्हाईक आलं, परत कोण पाठवतो? मिस्त्री गाडीखाली शिरले आणि म्हणाले, "मी नट काढतो, तू सायलेन्सर धर."

लिंबाजीनं धरला. दोन्ही हातांनी. गाडी वीस किलोमीटर पळून आत्ताच थांबली होती. लिंबाजीची बोंब बाजारापर्यंत गेली.

"अरे येड्या! गरम वस्तू दिसली की आधी तिच्यावर भरपूर पाणी ओतायचं. मग जवळ जायचं. कळलं?"

"बरं झालं सांगितलंत," लिंबाजी फुंकर मारत म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

नळ्या दुसऱ्या दिवशी मिळणार होत्या. गाडी गॅरेजात ठेवून लिंबाजी एसटीनं घरी आला. तर ओसरीवर यशवंततात्या बसलेले. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा. गोदानं त्यांच्या हातात चहा दिला. आलं घातलेला, वाफाळता. तात्यांनी कप ओठाला लावला आणि म्हणाले, "हा हा! गरम आहे."

लिंबाजी पुढं झाला. रांजणातून कळशी भरली. आणि तात्यांच्या कपावर ओतली. भरपूर ओतायचं सांगितलं होतं, म्हणून सगळीच ओतली. कपात फार थोडं मावलं. बाकीचं तात्यांच्या मांडीवर गेलं.

"घ्या तात्या," तो म्हणाला, "आता धरा खुशाल."

तात्या ओल्या धोतरानं उठले आणि चालते झाले. त्यांची पाठ वळल्यावर गोदानं कपाळाला हात लावला.

"अहो, पाहुण्यावर कुणी पाणी ओततं का? नवं कुणी दारात आलं तर त्याच्या गळ्यात हार घालावा, तोंडात पेढा भरवावा! मान ठेवावा!"

"बरं झालं सांगितलंस. आता लक्षात ठेवतो."

शनिवारी दुपारी पिकअप गावात आली. काय तिचा आवाज म्हणता! शाळेची खिडकी थरथरली, देवळातली घंटा आपोआप वाजली, एका म्हशीनं दूध चोरलं. गावातली तरणी पोरं मात्र धावत आली. नळ्यांबरोबर फोटो काढून घेतले. "लिंबूशेठ, नाद नाही करायचा!" म्हणाली. त्यातल्या तिघांनी आपल्या मोटारसायकलींना असाच सायलेन्सर लावायचं तिथल्या तिथं ठरवलं. म्हणजे बघा, गावात लिंबाजी एकटाच नव्हता. तो फक्त सगळ्यांच्या पुढं होता.

गाडी दारात उभी केली आणि लिंबाजीला आठवलं. नवं कुणी दारात आलं की हार आणि पेढा. नवा तर सायलेन्सर होता. त्यानं हार आणून नळ्यांना घातला. मग तोंड बघितलं. तोंडं दोन होती. माणूस न्यायी. त्यानं दोन किलो पेढे आणले आणि एकेका तोंडात एकेक किलो भरवले. शेवटचे जाईनात, ते खराट्याच्या दांड्यानं आत सारले.

संध्याकाळी गाडी सुरू होईना. खॉक करायची आणि बंद पडायची. लिंबाजीनं फोन केला, बाबालाल मिस्त्री मोटारसायकलवर आले. गाडीच्या मागं वाकले, नळीत डोकावले.

"आत काहीतरी दिसतंय. लिंबाजी, जरा चालू करून जोरात रेस दे बघू."

सांगितलं म्हटल्यावर दिली. धडाम! मिस्त्रींच्या तोंडावर किलोभर पेढे बसले. केशरी होते, त्यामुळं मिस्त्री छान दिसत होते. भुवया चिकटल्या, मिशा गायब झाल्या.

"कसे आहेत पेढे?" लिंबाजीनं विचारलं.

मिस्त्रींनी नाकातला पेढा आधी काढला. मग ओरडले, "गाढवा! जिच्यातून काही बाहेर यायचं असतं, तिचं तोंड कायम मोकळं ठेवायचं! वर बूच नाही, झाकण नाही, काही नाही!"

"बरं झालं सांगितलंत. आता लक्षात ठेवतो."

रविवारी पहाटे तात्यांनी निरोप पाठवला. धोतर वाळलं होतं, रागही जरा वाळला होता. चला, एक दिवस काम करून दाखवा म्हणाले. खालच्या वाडीतून दुधाचे दहा कॅन उचला आणि डेअरीत आणा.

गोदानं वाडीत जाऊन स्वतः कॅन चढवले, दोर बांधला, झाकणं दाबून बघितली. मग ती हिशेब विचारायला तिथल्या गोठ्याकडं वळली आणि लिंबाजी विचारात पडला. ह्या कॅनमधून दूध बाहेर यायचंय. आणि तोंडाला तर झाकण आहे! बरं झालं वेळेवर लक्षात आलं. त्यानं दहाही झाकणं काढली. फडक्यानं पुसली. एकावर एक रचून, चादरीत गुंडाळून केबिनमध्ये आपल्या शेजारी ठेवली आणि गाडी हाणली. रस्ता कसला, खड्ड्यांना खड्डे जोडलेले. वाटेत मागं दोन कुत्री लागली, मग आठ, मग तालुक्यातली सगळी मांजरं. लिंबाजी आरशात बघून खूश. नव्या सायलेन्सरला केवढी माणसं बघायला येतात, तशी आता जनावरंही यायला लागली.

डेअरीत तात्यांनी कॅनमध्ये डोकावून बघितलं. तळाला ओंजळभर दूध, त्यावर तरंगणारं एक बाभळीचं पान.

"दूध कुठंय रे?"

"वाटेत असेल. पण झाकणं बघा तात्या, एकाला पोचा नाही."

तात्या खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग बोटं नाचवत म्हणाले, "लिंब्या, झाकणं जपलीस आणि दूध सांडलंस! अरे, जी वस्तू जास्त मोलाची, ती आधी बाजूला काढून उराशी धरायची. बाकीच्याचं काय व्हायचं ते होऊ दे! एवढी साधी अक्कल नाही?"

"बरं झालं सांगितलंत, तात्या. आता लक्षात ठेवतो."

गोदा रडकुंडीला आली. डेअरीत जाऊन तात्यांच्या पाया पडली. "त्यांच्याकडं बघू नका, माझ्याकडं बघा. उद्यापासून दुधाबरोबर मी बसेन गाडीत." तात्यांनाही वाईट वाटलं. म्हणाले, "बाई, तुझ्याकडं बघूनच सांगतो. उद्या बारापर्यंत गाडी पास झाल्याचा कागद आण. काम तुला. पण ही शेवटची संधी."

सोमवारी गोदा नवऱ्याबरोबर गेली. जुना सायलेन्सर तिनं गॅरेजातून मागून हौद्यात टाकला होता, लागला तर असावा म्हणून. पासिंगच्या मैदानात गाड्यांची रांग लागलेली. लिंबाजीची पिकअप आत आली तेव्हा तपासणीच्या साहेबांच्या हातातला चहा सांडला.

साहेब चांगला माणूस होता. शिक्षा नको, गरिबाची गाडी आहे म्हणाला. "बाकी गाडी ठणठणीत आहे. फक्त हा सायलेन्सर चालायचा नाही. मैदानाच्या मागं रोलर उभा आहे, आज असले सगळे सायलेन्सर चिरडायचेत. जा, तिथं रोलरखाली घाला. चिरडल्याची चिठ्ठी आणा, जुना बसवा, पाच मिनिटांत पास करतो."

गोदाला हायसं वाटलं. साडेदहाच वाजले होते. ती म्हणाली, "मी खिडकीवर फीच्या रांगेत उभी राहते. तुम्ही तेवढं काम करून या. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

लिंबाजी गाडी घेऊन रोलरपाशी आला. भलामोठा पिवळा रोलर. पुढं चपट्या झालेल्या नळ्यांचा ढीग. ते बघून त्याच्या काळजात चर्र झालं. काही झालं तरी रोलर तो रोलर, काही शिल्लक ठेवत नाही. आणि एकदम त्याला तात्यांचे शब्द आठवले.

जी वस्तू जास्त मोलाची, ती आधी बाजूला काढायची.

लिंबाजी विचार करायला लागला. गाडी जुनी. सायलेन्सर नवा. गाडीबरोबर कुणी कधी फोटो काढला नाही. सायलेन्सरबरोबर अख्ख्या गावानं काढला. मग मोलाचं काय?

त्यानं पाना काढला. गाडीखाली शिरला. आधी नळ्यांवर बाटलीभर पाणी ओतलं, कारण तेही लक्षात होतं. नट सोडवले, सायलेन्सर काढला, डोक्याच्या टॉवेलात गुंडाळला आणि उराशी धरला. मग रोलरवाल्याला हात केला.

"हं. फिरवा."

रोलरवाला वरून वाकला. "काय फिरवू?"

"रोलर."

"कशावरून?"

"हिच्यावरून." लिंबाजीनं हनुवटीनं पिकअप दाखवली.

"साहेबांनी सांगितलंय?"

"त्यांनीच पाठवलं. म्हणाले, रोलरखाली घाला आणि चिठ्ठी आणा."

रोलरवाल्यानं क्षणभर गाडीकडं बघितलं. पण तो बावीस वर्षं नोकरीत होता, आणि साहेबाला उलटा प्रश्न विचारून आजवर कुणाचं भलं झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं. लिंबाजीला आयुष्यात पहिल्यांदा तोडीचा माणूस भेटला होता. त्यानं रोलर सुरू केला. पहिल्या फेरीत हौदा गेला, त्यातल्या जुन्या सायलेन्सरसकट. दुसऱ्या फेरीत केबिन बसली. तिसरी फेरी त्यानं कडा नीट दिसाव्यात म्हणून मारली. मग खाली उतरला आणि चिठ्ठी लिहिली: 'चिरडले. एक नग.'

लिंबाजी खिडकीपाशी आला. गोदाची फी भरून झाली होती, पावती तिच्या मुठीत होती. तिचा चेहरा वर्षभरात असा फुलला नव्हता.

"झालं?"

"झालं. ही चिठ्ठी."

"मग गाडी आणा ना इकडं. साहेब थांबलेत. अकरासुद्धा वाजले नाहीत, तासाभरात डेअरीत पोचू."

"ती उचलायला चार माणसं लागतील," लिंबाजी म्हणाला.

गोदा धावत मैदानाच्या मागं गेली. साहेबही गेला. तिथं भल्यामोठ्या पापडासारखं काहीतरी ऊन खात पडलं होतं. पापडावर 'आईचा' एवढंच वाचता येत होतं. गोदा मटकन खाली बसली. तिनं हंबरडा फोडला.

"माझ्या म्हशी गेल्या हो! माझी गाडी गेली! माझं काम गेलं! अहो, काय केलंत हे?"

लिंबाजीला तिचं रडणं बघवेना. प्रेमळ होता हो तो. तिच्याजवळ उकिडवा बसला, टॉवेल हळूच उलगडला आणि त्या दोन चकचकीत नळ्या तिच्या मांडीवर ठेवल्या.

"उगी, गोदे, उगी. मी असताना काळजी कसली करतेस? सायलेन्सर वाचवलाय बघ, एक ओरखडा नाही! आता ह्याला एक गाडी बसवली की झालं."