अक्षरांचे डबे

“ते सगळं खरं, बुवा. पण फॉन्ट कुठला वापरता?”

शार्दूलचे हे आल्या आल्या एकदा विचारून झाले होते. आता पुन्हा विचारले.

अचलबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे त्याच्यापुढे सरकवले.

“कशाला रे?”

“म्हणजे तुमच्यासारखं लिहिता येईल.”

“शेंगा खा,” बुवा म्हणाले.

अचलबुवा रोज सकाळी चार ओळी लिहीत आणि त्या इंटरनेटवर एका साध्या पानावर टाकत. पानावर चित्र नाही, रंग नाही, जाहिरात तर नाहीच. तरी लांबलांबचे लोक ते वाचत. संन्यास घेण्याआधी बुवा कुठल्याशा सरकारी कचेरीत मोठाली गणकयंत्रे सांभाळत असत. टेकडीवर येताना माणसे कमंडलू घेऊन येतात, हे एक जुना संगणक घेऊन आले. गावकऱ्यांनी पहिले काही दिवस तोंडात बोटे घातली, मग त्यांनाही सवय झाली.

शार्दूल पुण्याचा. संगणकातला हुशार, आणि ही बातमी सगळ्यांत आधी त्याची त्यालाच लागलेली.

“मी ब्लॉगसाठी स्वतःचं साधन लिहिलंय, बुवा,” तो म्हणाला. “एकदम हलकं. बाकीच्यांची किती जड असतात. माझं पान पापणी लवायच्या आत उघडतं.”

“वा. उघडल्यावर काय दिसतं?”

“सध्या... नवं साधन बसवल्याचं लिहिलंय.”

“त्याच्या आधी?”

“जुन्यावरून त्याच्या आधीच्यावर आलो होतो, ते.”

बुवा हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते, असे शार्दूलला वाटून गेले.

नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणावे तर या पोराला नाचता येत होते. कॉलेजात असताना त्याने बरे लिहिले होते. पण आता वर्षभर तो अंगणच सारवत बसला होता. सारवण वाळले की दुसऱ्या रंगाची माती आणायला निघायचा.

त्यातही त्याचा सगळा जीव अडकला होता टर्मिनलमध्ये. टर्मिनल म्हणजे संगणकाशी नुसत्या अक्षरांतून बोलायची काळी खिडकी. इंग्रजी अक्षरे तिच्यात कवायतीला आल्यासारखी सरळ उभी राहतात. मराठीची मात्र तारांबळ उडते. वेलांटी एका घरात, काना भलत्याच घरात, आणि रफार आपल्या अक्षराला सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर. शार्दूलला स्वतःचे नावसुद्धा तिथे धड दिसत नसे. ज्यात ते धड दिसेल असा फॉन्ट तो शोधत होता. एकाचा रफार जमे, तर त्याच्या ओळी दाटीवाटीने बसत. दुसऱ्याच्या ओळी मोकळ्या, तर त्याचा ‘ळ’ पोटात दुखल्यासारखा वाकडा.

“हे एकदा जमलं की लिहायला बसणार आहे,” तो म्हणाला.

“काय लिहिणार आहेस?”

शार्दूलने शेंगदाणा बोटांत फिरवला. खाल्ला नाही.

“आईविषयी. अण्णांनी सांगितलंय. माझ्या वडिलांनी. आईला जाऊन वर्ष होईल आता. अण्णांना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे ती किती दिवस राहील हे सांगता येत नाही. अण्णा म्हणाले, तू लिहितोस ना, मग हिच्याविषयी लिही. मला दिसतंय तोवर लिही. कुणी वाचून दाखवलेलं मला नको, माझं मी वाचेन.”

“मग?”

“मग... मनासारखा फॉन्ट मिळत नाहीये.”

बोलून गेला आणि ते त्याचे त्यालाच ऐकू आले. कानाच्या पाळ्या तापल्या.

बुवांनी परडी बाजूला ठेवली.

“‘आई’त रफार कुठं असतो रे? जोडाक्षर?”

शार्दूल खाली बघत राहिला. ओसरीच्या कडेने मुंग्या दाण्याचा तुकडा ओढून नेत होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे कुठे बघण्याची सोय नव्हती.

“चल आत,” बुवा म्हणाले. “माझा फॉन्ट दाखवतो.”

आत कोनाड्याशेजारी चौरंग, चौरंगावर तो जुना संगणक. बुवांनी काळी खिडकी उघडली आणि सकाळी लिहिलेल्या ओळी पुढे आणल्या.

शार्दूल वाकून बघू लागला. मग आणखी वाकला.

पडद्यावर नुसते डबे होते. अक्षर माहीत नसले की यंत्र त्याच्या जागी रिकामा चौकोन काढते, तसले चौकोनी डबे. एकामागे एक, ओळीच्या ओळी. मध्ये कुठे पूर्णविराम दिसला तर तेवढाच काय तो ओळखीचा.

“बुवा, याच्यात मराठी फॉन्टच नाहीये.”

“नाही खरा.”

“मग तुम्ही लिहिता कसं?”

“बोटांनी.”

“म्हणजे... एवढी सगळी वर्षं... दिसत नसताना?”

“एकदा यंत्र बिघडलं होतं. पुन्हा बसवताना अक्षरं राहून गेली. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, पाठवलं, तर लोकांना त्यांच्या यंत्रांवर नीट वाचता आलं. मग म्हटलं, राहू दे.”

“मी बसवून देतो. पाच मिनिटांचं काम आहे.” शार्दूलचे हात शिवशिवले. वर्षभरात त्याला पहिल्यांदाच असा रोगी भेटला होता ज्याचे औषध त्याच्या खिशात होते.

बुवांनी त्याचा हात धरला आणि चौरंगापुढच्या पाटावर त्याला बसवले. कळफलक त्याच्या मांडीवर ठेवला.

“लिही.”

“इथं? याच्यावर?”

“मराठी कळा पाठ आहेत ना?”

“पाठ आहेत, पण...”

“मग लिहायला काय धाड भरलीय तुला? आईचं लिही. मी शेंगा सोलतो.”

आणि बुवा खरोखरच बाहेर जाऊन शेंगा सोलू लागले.

शार्दूलने दोन कळा दाबल्या. आ. ई. पडद्यावर दोन डबे उमटले.

तो त्यांच्याकडे बघत राहिला.

घरी हाच शब्द त्याने कितीदा टाईप केला होता. तिथे तो दिसायचा. दिसला की छातीत काहीतरी अडकायचे आणि बोटे आपोआप फॉन्टच्या यादीकडे वळायची. हा जरा जाड आहे, हा जरा बारीक आहे. इथे नुसते दोन डबे. त्यांच्याकडे बघून रडूही येईना आणि पळूनही जाता येईना.

डबे बघता बघता त्याला आईचा डबा आठवला.

स्टीलचा होता, कडी मोडलेला, म्हणून निळ्या फडक्यात बांधलेला. त्याने तो लिहिला. फडक्याची गाठ लिहिली, जी शाळेत कुणालाच सुटत नसे. पोळीचा चतकोर भाजीवर पालथा घालायची, ओघळ बाहेर येऊ नये म्हणून, ते लिहिले. मग घोसाळ्याची भाजी लिहिली. ती त्याला आवडत नसे. त्या दिवशी डबा तसाच घरी येई. आईने त्यावरून कधी बोल लावला नाही. संध्याकाळी डबा नुसता हातात घेऊन बघायची. जड लागला तर ओट्याशी उभ्याउभ्या ती गार भाजी स्वतः खायची, आणि ताट वाढायला यायची. तो स्वयंपाकघराच्या दारातून हे बघायचा. ते त्याने आजवर कुणाला सांगितले नव्हते.

खोडावे म्हटले तर काय खोडायचे ते दिसत नव्हते. सजवावे म्हटले तर डब्याला कसली सजावट. मध्ये एकदा डोळे भरून आले तरी काही अडले नाही. पडद्यावर दिसण्यासारखे नव्हतेच काही.

बोटे थांबली तेव्हा दारातली उन्हाची पट्टी पाटापर्यंत आली होती. मान अवघडली होती, पण छाती हलकी लागत होती.

“झालं?” बुवा दारात उभे होते.

“झालं बहुतेक. आता फक्त हे माझ्या संगणकावर नेतो, एकदा वाचतो, शुद्धलेखन...”

बुवा खाली वाकले. त्यांनी एकच शब्द टाईप केला. त्यांच्या त्या साध्या साधनात एवढी एकच आज्ञा होती, आणि तिचे नाव त्यांनी ‘धाड’ ठेवले होते. लिहिलेले असेल ते धाडून द्यायचे, की पानावर दिसू लागे आणि वाचकांच्या फोनवर निरोप जाई.

शार्दूलच्या लक्षात येईपर्यंत बुवांचे बोट कळीवर पडले होते.

“बुवा!”

“गेलं.”

“अहो, मी वाचलंसुद्धा नाही. चुका असतील. खाली माझं नाव घालायचं राहिलंय. लोकांना वाटेल, तुम्हीच लिहिलंय.”

“वाटू दे.”

शार्दूल उठला, बसला, पुन्हा उठला. वर्षभर ज्या गोष्टीसाठी त्याने एक एक रफार पारखला, ती गोष्ट अशी केस न विंचरता, अनवाणी, बाजारात निघून गेली होती. आणि ती कुणाच्या दारात जाणार हेही त्याला माहीत होते. बुवांचे पान अण्णा रोज वाचत. मठाचा पत्ता त्यांनीच तर दिला होता.

“चहा घे,” बुवा म्हणाले.

शार्दूल ओसरीवर येऊन बसला, पण पान उघडून बघायचा त्याला धीर होईना. दुसरा चहा अर्धा झाला असेल, तोच फोन वाजला. अण्णांचा.

शार्दूलने बुवांकडे पाहिले. बुवा बशीत चहा ओतत होते.

“हॅलो...”

“अरे, बुवांच्या पानावर आज कुणीतरी घोसाळ्याविषयी लिहिलंय.” अण्णा फोनवर नेहमी पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलत. ओसरीभर आवाज भरला. “खाली नाव नाही. पण तुझंच आहे ना?”

“हो, अण्णा.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“फोनवर अक्षर चांगलं मोठं केलं. एका वेळी चार शब्द मावत होते. हळूहळू वाचलं सगळं. माझं मीच वाचलं.”

“दिसलं नीट?”

“न दिसायला काय झालं?” मग आवाज खाली आला. अण्णांचा आवाज इतका खाली आलेला शार्दूलने पूर्वी ऐकला नव्हता. “ती गार भाजी खायची, ते तुला माहीत होतं होय रे? मला वाटत होतं, मला एकट्यालाच ठाऊक आहे.”

शार्दूलचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस कुठे लटकला होता कुणास ठाऊक. त्याने ओसरीच्या खांबाला पाठ टेकली आणि डोळे पुसले, सरळ सदऱ्याच्या बाहीने.

“मी दारातून बघायचो, अण्णा.”

“मी खाटेवरून.” अण्णा हसले, रडता रडता हसतात तसे. “बरं, फडकं निळं नव्हतं, हिरवं होतं. तेवढं चुकलंय. आणि एका जागी ‘आई’ दोनदा पडलंय. आई आई, असं. ते तेवढं दुरुस्त करू नकोस.”

“बरं.”

“आता अजून लिही. तिच्या भांडणांचं लिही. फार गोड करून ठेवू नकोस तिला.”

“लिहितो.”

“पुन्हा एकदा वाचतो मी,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

खाली गावात कुणाची तरी शेळी ओरडत होती. चहा गार झाला होता, तो शार्दूलने एका घोटात पिऊन टाकला. चवीलाही बरा लागला.

“बुवा...”

“हं.”

“फॉन्टचं राहू दे.”

“बरं.”

शार्दूलला हसू आले. बुवांनी पुढे केलेले शेंगदाणे त्याने मूठभर उचलले आणि सगळे खाल्ले. पण सवय ती सवय. ‘आई’ दोनदा पडले आहे, म्हणजे आणखीही काय काय पडले असेल. मूठ रिकामी होताच त्याने फोन पुन्हा हातात घेतला.

“पान एकदा उघडून बघतो फक्त. कसं दिसतंय ते.”

बुवांनी हात पुढे केला, फोन त्याच्या हातातून अलगद काढून घेतला आणि शेंगांच्या परडीत पालथा ठेवला.

“अरे, डबा भरून देणारी मधल्या सुट्टीत तो उघडून बघायला शाळेत येते का?”