पिवळ्या पट्टीचा चिमटा

“…मग मी नाही तर कोण उडवणार, तेवढं तरी सांगा ना!”

शार्दूल मुळ्ये भांडायलाच आला होता. गाडी सड्याच्या उघड्या कातळावर लावली, दार आपटलं आणि थेट बाईंसमोर येऊन उभा राहिला.

बाई शेडच्या सावलीत बसून एका पंखावर रेशमी कापड ताणत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाई म्हणजे मंदाकिनी रेगे. हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. रत्नागिरीबाहेरच्या या सड्यावर रिमोटची विमानं उडवणारे आम्ही जे काही वेडे आहोत, त्या सगळ्यांच्या त्या गुरू. बाल्साचं लाकूड कापण्यापासून विमान उलटं करून सरळ रेषेत नेण्यापर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. मलाही. माझं औषधांचं दुकान आहे आणि माझी जीभ कडू आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गोड बोलून ही गोष्ट मला सांगता येणार नाही.

“रविवारी कोल्हापूरचा मेळावा,” शार्दूल म्हणाला. “जुन्या पद्धतीची विमानं, रेडिओही जुनेच. तुमचं निळं विमान तयार आहे. या सड्यावर माझ्यासारखा रोल कोणाला येतो? सांगा ना, कोणाला?”

“कोणालाच नाही.”

“मग?”

बाईंनी कापडावरची सुरकुती बोटाने सारली.

“दिवाळीपासून विचारतोय मी. तुमचं आपलं बघू, बघू. माझं चुकलंय तरी काय?”

“तू सांग.”

“मी काय सांगू? माझं काहीच चुकलेलं नाही!”

हे तो इतक्या जोरात म्हणाला की पलीकडे चरणाऱ्या म्हशींनी माना वळवल्या.

बाईंनी कापड पुन्हा ताणलं.

तेवढ्यात रिक्षा आली. सामंतकाका उतरले. पूर्वी ते आपल्या स्कूटरवरून यायचे, मागे विमान बांधून, शीळ घालत. आता रिक्षावाल्याने त्यांची पेटी उतरवून दिली, कारण काका हल्ली काही उचलायचे नाहीत.

त्याचं कारण सांगतो.

दिवाळीत काकांचं विमान पडलं. किती पावसाळे घरात बसून बांधलं होतं ते! छान उलटं चाललेलं, एकाएकी झटका खाल्ला, डावीकडे लोळलं आणि कातळावर आपटलं. तुकडे गोळा करायला टॉवेल पुरला.

काकांनी तेव्हाच विचारलं होतं, “कोणी रिमोट चालू केलात का रे?”

सगळे नाही म्हणाले. शार्दूल तर आईची शपथ घेऊन नाही म्हणाला.

विचारायचं कारण असं. नव्या रिमोटांना ही भानगड नसते, पण आमचे सगळे जुने. प्रत्येकाच्या एरियलला त्याच्या रेडिओलहरीच्या रंगाची पट्टी बांधलेली. एका रंगाचे दोन रिमोट एकदम चालू झाले की विमानाला दोघांचे हुकूम जातात आणि ते कोणाचंच ऐकत नाही. म्हणून शेडमधल्या फळीवर प्रत्येक रंगाचा एकच चिमटा असतो. कपडे वाळत घालायचा, साधा. आपल्या रंगाचा चिमटा काढायचा, शर्टाला लावायचा आणि मगच रिमोटचं बटण सरकवायचं. चिमटा फळीवर नसला तर हात मांडीवर ठेवून बसायचं. काकांची पट्टी पिवळी, शार्दूलचीही पिवळी. त्या दिवशी चिमटा काकांच्या खिशाला होता.

मग विमान पडलं कशानं?

काकांनी स्वतःच उत्तर काढलं. आपला अंगठा कापला. वय झालं.

डॉक्टर म्हणाले, कंपवात नाही, काही नाही, खुशाल घरी जा. काकांना पटेना. माझ्या दुकानात शिरांच्या गोळ्या न्यायला यायचे आणि हात खिशात लपवायचे. अहो, तो हात कापत नव्हता! मी बघत होतो ना. पण सांगून ऐकेल तो माणूस कसला.

“बाई, हे ठेवून घ्या,” काका म्हणाले. “पेटी आहे, इंजिन आहे, रिमोट आहे. रिमोट चार्ज करून आणलाय. रिकामी वस्तू देऊ नये कोणाला.”

“कोणाला देऊ?”

“शार्दूललाच द्या. हात सोन्याचा आहे पोराचा.” काका आपल्या पंजाकडे बघून हसले. “आमचं काय आता…”

शार्दूल म्हणाला, “थँक्यू, काका.”

हो, म्हणाला. माझ्या या कानांनी ऐकलं.

बाईंनी पंख बाजूला ठेवला.

“शार्दूल, तुझं विमान काढ.”

“कशाला?”

“उडव. मेळाव्याचं मग बोलू.”

त्याचा चेहरा उजळला. फळीवरचा पिवळा चिमटा काढून त्याने कॉलरला लावला. लाल विमान बाहेर आणलं, पंखा फिरवला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि इंधनातल्या एरंडेलाचा धूर आमच्या नाकात गेला.

उडवतो मात्र सुंदर, हे नाकारून चालणार नाही, आणि त्याचाच तर जास्त संताप येतो. विमान समुद्राच्या वाऱ्यावर चढलं, मोठा गोल लूप घेतला, मग उलटं होऊन आमच्यासमोरून एका रेषेत चाललं.

काका मान वर करून बघत होते. “वा,” म्हणाले. “वा रे वा.”

“काका,” बाई म्हणाल्या, “तुमचा रिमोट चालू करा.”

“आं?”

“बटण सरकवा.”

काकांना थट्टा वाटली. “अहो, त्याचं विमान वर आहे.”

“असू दे.”

“चिमटा त्याच्याकडे आहे, बाई!”

“मी सांगते ना. करा चालू.”

आता काका भडकले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज बाईंवर चढलेला मी ऐकला नव्हता.

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तुम्ही गुरू असाल, देव असाल, मला काय त्याचं! ज्याचं विमान वर, त्याचा चिमटा. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? पोरानं जीव ओतून बांधलंय ते. मी नाही हात लावणार. नाही म्हणजे नाही!”

शार्दूल आमच्याकडे पाठ करून उभा होता. सगळं ऐकू जात होतं त्याला. लाल विमान जरासं डगमगलं. त्याने ते घाईघाईत सुलटं केलं आणि उंच चढवलं.

“एवढं काय होतं चालू केल्यावर?” बाईंनी विचारलं.

“काय होतं म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?”

“तुम्ही सांगा.”

“काय सांगू! चांगलं चाललेलं विमान झटका खातं!” काका तावातावाने हाताने दाखवायला लागले. “असं… असं एकाएकी लोळतं, नाक खाली घालतं, आणि कातळावर…”

हात हवेतच राहिला.

…

इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

काका हळूच वळले. “शार्दूल.”

तो विमानाकडेच बघत राहिला.

“त्या दिवशी तू बटण सरकवलं होतंस?”

“काका, मी उडवतोय. आत्ता नको…”

“सरकवलं होतंस की नाही?”

“…जरासंच. नवे सेल घातले होते. रिमोटवरचा बॅटरीचा काटा कुठपर्यंत जातो एवढंच बघायचं होतं.”

“चिमटा माझ्याकडे असताना?”

“एरियल आत होती, काका. बाहेर काढलीच नव्हती. मला वाटलं, इतक्या लांब जाणार नाही…”

माझ्या डोक्यात सणक गेली. असं वाटलं, तिथल्या तिथे त्याची कॉलर धरावी. काटा बघायचा होता म्हणे! आणि आईची शपथ? तीही जराशीच होती काय?

बाईंना हे कधी कळलं, कसं कळलं, मला आजही ठाऊक नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

“मेल्या…” काकांचा आवाज फाटला. “मेल्या, दिवाळीपासून चहाचा कप दोन हातांनी धरतोय मी! शिमगा आला! नातीला कडेवर घेतलं नाही रे, हातातून पडेल म्हणून. ती हात पुढे करते आणि मी आत निघून जातो. स्कूटर विकून टाकली. आणि तू बघत होतास! दर रविवारी येऊन विचारत होतास, काका, बरं वाटतंय ना!”

“मी सांगणार होतो…”

“कधी?”



काकांनी पेटीतून आपला रिमोट काढला. एरियल धरली आणि एकेक कांडी ओढत पूर्ण बाहेर काढली. पिवळी पट्टी वाऱ्यावर फडफडायला लागली.

“आता आहे बाहेर,” काका म्हणाले. “आता जाईल ना लांब?”

अंगठा बटणावर.

“सरकवा, काका!” मी ओरडलो. हो, ओरडलो. मला त्याची लाज नाही. एकदा तरी त्याला कळू दे!

बाई जागच्या हलल्या नाहीत. थांबाही म्हणाल्या नाहीत, कराही म्हणाल्या नाहीत.

“काका…” शार्दूलने मागे वळून बघायचं धाडस केलं नाही. “काका, पाया पडतो…”

तेवढ्यात वरचं इंजिन खोकलं, पुन्हा एकदा खोकलं आणि बंद पडलं. टाकी संपली होती. बोलण्याच्या नादात कोणाचं लक्ष नव्हतं. आता नुसता पंखांतून जाणारा वारा ऐकू येत होता. इंजिन नसलेलं विमान एकदाच उतरवता येतं. चुकलं तर कातळ आहेच.

“बाई…” शार्दूल कुजबुजला. “बाई, माझे हात कापतायत.”

खरंच कापत होते. मनगटापासून.

“बाई, तुम्ही घ्या ना! लवकर!”

“मी नाही घेणार.”

त्याने काकांकडे पाहिलं.

काकांनी आपला रिमोट दाणकन गवतात ठेवला.

“आण इकडे!”

रिमोट त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. मग जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. तोंडाने शिव्यांचा पट्टा चालू. नालायक, हरामखोर, आईची खोटी शपथ खातोस, तोंड दाखवू नकोस. आणि अंगठे? थंड. काकांनी विमान वाऱ्याच्या तोंडावर घेतलं, नाक जरा खाली सोडून वेग राखला. दगडी गडग्यावरून जेमतेम अलीकडे आणलं, आणि शेवटच्या क्षणी नाक एवढंसं उचललं. चाकं गवतात टेकली कधी ते दिसलंही नाही. विमान धावत आलं आणि आमच्यापाशी उभं राहिलं. एक ओरखडा नाही.

काका स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. उजवा हात पुढे केला, बोटं ताणली.

हात दगडासारखा स्थिर होता.



मग त्यांनी शार्दूलचा रिमोट त्याच्या छातीवर आदळला. आपला रिमोट उचलून पेटीत टाकला आणि पेटी खांद्याला मारली.

“हे कोणाला द्यायचं नाही,” बाईंना म्हणाले. “माझं आहे.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, काका, गाडीतून सोडतो. ऐकलंच नाही. ताडताड चालत रस्त्याला लागले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

शार्दूल कातळावर बसला. कॉलरचा चिमटा काढला, फळीवर लावून आला, पुन्हा येऊन बसला.

मी त्याच्याकडे पाठ केली. दोन शब्द बोललो असतो तर दोन्ही शिव्याच असत्या.

“बाई,” मागून त्याचा आवाज आला. “मेळाव्याला मी जात नाही.”

बाईंनी पंख पुन्हा मांडीवर घेतला.

“उद्या काकांच्या घरी जातो. काकूंसमोर सांगतो सगळं.”



समुद्राकडून वारा वाढला होता. लाल विमानाची शेपटी हलत होती. ते धरून ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं.

“पण त्यांनी विमान वाचवलं ना, बाई? बटण सरकवता आलं असतं, तरी नाही सरकवलं.” आता तो रडत होता. “म्हणजे त्यांनी मला माफ केलं… हो ना?”

बाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“काकांनी विमान उतरवलं.”