आखाजीची पहिली ओंजळ

पाहुणे, तळ्याच्या पायरीवरचा हा सपाट काळा दगड दिसतो ना, त्यावर तेवढं बसू नका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी गावचा जो कारभारी असेल, त्याने इथे उभं राहून सगळ्यांदेखत तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायचं. तोवर गावात पितरांची घागर भरत नाही. ही रीत देवाने घालून दिलेली नाही. ती संतापातून आली आहे.

असं सांगतात, की फार पूर्वी इथल्या तुळाजीराव देशमुखांनी वरच्या अंगाला निळीचे हौद बांधले. निळीची झाडं हौदात कुजवायची, रंग तळाशी बसला की वरचं घाण पाणी नाल्यात सोडायचं. नाला येतो तो या तळ्यात. आधी मासे उताणे होऊन तरंगले. मग गुरं पाण्याला तोंड लावीनात. उन्हाळ्यात तळं आटलं की उरलेलं पाणी दाट होई आणि त्याचा वास घराघरात शिरे. लोक देशमुखांच्या दारी गेले. ते म्हणाले म्हणे, निळीमुळे चूल पेटते हे विसरू नका. त्यांच्या स्वतःच्या घरचं पाणी मात्र डोंगरातल्या झऱ्यावरून बैलगाडीने येई.

भोयांची ठगूबाई याच तळ्याकाठी राहायची. नवऱ्याचं जाळं रिकामं येऊ लागलं, तेही तिने सोसलं. पण त्या साली तिची लहानगी लेक जुलाबाने गेली. पाठोपाठ आखाजी आली. ज्या पाण्याने पोर गेली, तेच पाणी पोरीच्या नावाने घागरीत भरायची वेळ आली.

तिने घागर भरली, पण घरी नेली नाही. ती देशमुखांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. तिच्यामागून गावच्या बाया आपापल्या घागरी घेऊन आल्या आणि झऱ्याच्या पाण्याची गाडी त्यांनी वाटेतच अडवली.

"मालक," ठगूबाई म्हणाली, "आमच्या मेलेल्यांना हे पाणी चालतं. मग आज तुमच्या वडलांची घागरही याचीच भरा."

तुळाजीरावांनी गडी बोलावले. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई, म्हाळसाबाई, बाहेर आली. तिने मुलाला एवढंच विचारलं, की हे पाणी तुझ्या बापाला द्यायचं का.

"त्यांना मी कधी चाखल्याशिवाय काही वाढलं नाही," ती म्हणाली. कुणी हात धरायच्या आत तिने ठगूबाईच्या घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन टाकलं.

म्हातारी त्याच पंधरवड्यात गेली. तुळाजीरावांनी स्वतः पहार घेऊन हौद फोडले. लोक त्याला पश्चात्ताप म्हणतात. म्हणोत बापडे. पण ठगूबाईची लेक मेली तेव्हा हौद फुटले नव्हते. स्वतःची आई गेली तेव्हा फुटले. ठगूबाई हे विसरली नाही. पुढच्या आखाजीला तिने पायरीवर हा दगड बसवून घेतला आणि देशमुखांना त्यावर उभं केलं. आधी ज्याच्या हाती गाव, त्याने प्यायचं. मग आमच्या लेकरांनी.

आजही आखाजीला सरपंच इथे पाणी पितात. तोंड वाकडं करतात, पण पितात. आता नाल्याच्या वर कापड रंगवायचा कारखाना आला आहे. त्याचा मालक शहरात राहतो. यंदा त्यालाच दगडावर यायचा निरोप धाडला आहे. तो आला नाही, तर घागरी कुठे उतरवायच्या, ते घर बाया बघून आल्या आहेत.